शेरूच्या कमरेतल्या सुया: सहा फेऱ्यांचा अनुभव

आमचा शेरू लॅब्रेडॉर, ११ वर्षांचा. दिवाळीनंतर त्याला फरशीवरून उठताच येईना. पुढचे पाय टेकवायचा, मागचे घसरायचे, की माझ्या तोंडाकडे बघत बसायचा. नागपुरात सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात एक्स-रे काढला, कंबरेखालच्या सांध्यांची झीज निघाली. दुखण्याची गोळी सुरू झाली, पण रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा घटक) वाढलं आणि गोळी निम्मी करावी लागली. म्हणून या खाजगी दवाखान्यात अ‍ॅक्युपंक्चरसाठी आलो.

डॉक्टरबाईंनी आधी एक्स-रे अन् रक्ताचा रिपोर्ट बघितला, मगच सुईला हात लावला. माझा विश्वास तिथेच बसला. "सांधा नवा होणार नाही, दुखणं कमी व्हावं म्हणून करतोय," असं पहिल्याच दिवशी सांगितलं. उरलेली गोळीही बंद करायला लावली नाही.

सुया अगदी बारीक. पाकीट दर वेळी आपल्यासमोर फोडतात. पहिली सुई कमरेचे मणके संपतात तिथल्या खळग्यात. त्या जागेला चिनी भाषेत 'बाई हुई' म्हणतात. शेरू एकदा दचकला. मग कण्याच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याखाली, अशा एकूण बारा. पाचेक मिनिटांत त्याने लांब जांभई दिली, हनुवटी माझ्या पावलावर टेकवली अन् घोरायला लागला. तिसऱ्या वेळेपासून सुयांना चिमटे लावून हलका करंट देतात, तेव्हा मांडीचा स्नायू टकटक उडताना दिसतो. २० मिनिटांचं काम. बाजूला एक डॅक्सहुंड जातीचा कुत्रा यायचा, मणक्याची गादी सरकलेला. त्यालाही औषधांसोबत हेच चालू होतं.

पहिल्या दोन फेऱ्यांत काही फरक नाही. चौथीनंतर एका सकाळी तो आपला आपण उठून दाराशी आला. माझी बायको रडलीच. घरभर रबरी चटया टाकल्या, वजनही ३ किलो उतरवलं, त्याचाही यात वाटा आहे.

तक्रार एकच, पण मोठी. दवाखाना पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ज्या जनावराला चालता येत नाही त्याला १८ पायऱ्या कशा चढवायच्या? आम्ही पोटाखालून टॉवेल घालून दोघं मिळून उचलतो. खाली एखादी खोली घ्याच, डॉक्टर. आणि एप्रिल-मे मध्ये दुपारची वेळ देऊ नका, आपल्याकडच्या सिमेंट रोडवर त्याचे पंजे भाजतात.