पोर्ट मिररिंग की टॅप? जिनिंगच्या काट्यावरचा अनुभव

वणीकडच्या एका जिनिंगचं नेटवर्क मी सांभाळतो. लाइनवरची रहदारी बघायला टॅप घ्यावा की संगणक जोडणाऱ्या स्विचवरच पोर्ट मिररिंग लावावं, असं विचारणाऱ्यांसाठी हे लिहितोय. टॅप म्हणजे वायरच्या मध्ये बसवून रहदारीची नक्कल देणारं उपकरण; पोर्ट मिररिंग म्हणजे एका पोर्टच्या रहदारीची नक्कल स्विचनेच दुसऱ्या पोर्टवर पाठवणं. मी दोन्ही वापरलंय.

हंगामात फाटकाबाहेर कापसाच्या बंड्या आणि ट्रॉल्यांची रांग असते. गेल्या हंगामात काट्याचं वजन ऑफिसच्या संगणकावर येताना मध्येच अडायचं. पहाटेपासून उभा असलेला कास्तकार ताटकळायचा, ते बघवत नव्हतं. म्हणून आधी टॅप आणला. त्याचा मोठा गुण मान्यच आहे: सीआरसी (चूक ओळखायचा तपासणी आकडा) चुकलेल्या फ्रेमही, म्हणजे खराब झालेले माहितीचे तुकडेही, तो दाखवू शकतो. स्विच त्या आधीच टाकून देतो, त्यामुळे मिररवर त्या येत नाहीत.

पण टॅप बसवायला वायर काढावी लागते, आणि मला नडलं ते हेच. वायर काढून जोडली की दुखणं गायब! लिंक तुटल्यावर संगणकाची एआरपी यादी (कोणता आयपी पत्ता कोणत्या उपकरणाचा, याची नोंद) पुसली जायची, पत्ता नव्याने विचारला जायचा आणि वजन सुरळीत यायचं. तासभर लॅपटॉपसमोर बसलो तरी काही सापडेना. टॅप काढून निघालो की वाटेतच दिवाणजींचा फोन. दोनदा असं झालं. टॅप तिथेच ठेवावा, तर गिगाबिटच्या टॅपला वीज लागते आणि त्या कोपऱ्यात इन्व्हर्टरची लाइन नव्हती.

तिसऱ्यांदा वायरला हातच लावला नाही. काटा अडलेला असतानाच स्विचवर दोन ओळी टाकल्या. सिस्कोवर त्या ‘मॉनिटर सेशन १ सोर्स इंटरफेस’ आणि ‘मॉनिटर सेशन १ डेस्टिनेशन इंटरफेस’ अशा असतात. सोर्स म्हणजे ऑफिसच्या संगणकाचा पोर्ट, डेस्टिनेशन म्हणजे लॅपटॉप लावलेला रिकामा पोर्ट. वायरशार्कमध्ये (रहदारी उलगडून दाखवणारं सॉफ्टवेअर) लगेच दिसलं: काट्याच्या आयपीचे पॅकेट भलत्याच मॅककडे, म्हणजे दुसऱ्याच उपकरणाच्या पत्त्यावर, जात होते. नव्या कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरला तोच आयपी दिला गेला होता. तो बदलला आणि काटा चालू झाला.

मिररिंगलाही पथ्य आहे. गिगाबिट पोर्टची दोन्ही दिशांची रहदारी मिळून २ गिगाबिटपर्यंत जाऊ शकते. ती १ गिगाबिटच्या पोर्टात मावली नाही तर पॅकेट गळतात. काट्याच्या चिमूटभर रहदारीला ही अडचण आली नाही. डेस्टिनेशन पोर्टवर लॅपटॉपचं नेट सहसा चालत नाही, मोबाइलचं वापरा. काम झालं की सेशन काढाच, नाहीतर उद्या कुणी त्या पोर्टात कॅमेरा लावेल आणि तो चालणार नाही.

वायरवरच संशय असेल, उंदराने कुरतडली असेल, तर टॅपचा उपयोग होईल. तरी आधी स्विचवरचा सीआरसीचा आकडा वाढतोय का ते बघा. माझं तेवढ्यावर भागतं. स्विच साधा, मॅनेज न होणारा असेल, तर माझ्या मते टॅपपेक्षा मिररिंग असलेला ८ पोर्टचा छोटा स्विच घ्यावा. फक्त तो हंगामाआधी बसवा, काट्यापुढे रांग नसताना.