फक्त बारा जागा

परवा ओळखीच्या एका बाईंनी मला एक जाहिरात पाठवली आणि विचारलं, "तुम्ही गेला होता ना गं? चांगलं आहे का?" डोंगरातलं योग आणि ट्रेकिंगचं शिबिर, तीन रात्री, फक्त बारा जागा. खालचा फोटो आमचाच होता. धुक्यात ओळीनं उभ्या असलेल्या बायका हसतायत, आणि डावीकडून तिसरी, निळी शाल घेतलेली, माझी अक्का आहे. तो फोटो काढला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती चक्कर येऊन पडली होती. म्हणून हे लिहायला बसले. शिबिर भरवणाऱ्या माणसाचं नाव लिहीत नाही, आमची तक्रार ग्राहक आयोगापुढे आहे. पण त्यानं काय काय केलं ते सगळं सांगते.

आम्ही सहाजणी एका भिशीतल्या. बेळगावातल्या शहापूर, वडगाव, अनगोळ इथल्या. नवरा-मुलांना सोडून तीन रात्री बाहेर राहिलेली आमच्यात एकही नव्हती. हा माणूस आधी टिळकवाडीतल्या एका हॉलमध्ये मोफत योगवर्ग घ्यायला आला. बोलणं अगदी आपल्यातलं. "काय वैनी, येणार की नाही?" मूळ गाव खानापूरकडचं, असं म्हणाला. पुण्या-मुंबईची माणसं येऊन आपले डोंगर बघून जातात आणि आपल्याच बायकांना ते माहीत नाहीत, हे त्याचं बोलणं मला लागलं. खरंच होतं ते. चोर्ला घाटातून गोव्याला मी कितीदा गेले असेन, पण कणकुंबीला उतरून मलप्रभेचा उगम कधी बघितला नव्हता.

माणशी ११,५०० रुपये. त्यात राहणं, जेवण, रोज दोन वेळा योग, भीमगडावर सूर्योदयाचा ट्रेक आणि बारापेड्याच्या गुहेत ध्यान. ४,००० लगेच भरायचे, "सात जागा गेल्या, पाचच उरल्यात". मी सहा मागितल्या तर म्हणाला, तुमच्यासाठी एक वाढवतो. बाराचाच गट असेल तर तेरावी जागा येते कुठून, हे मला तेव्हा सुचलं नाही. उलट त्यानं आपली सोय केली याचं बरं वाटलं. क्यूआर स्कॅन केला तर शिबिराचं नाव न येता भलत्याच एका बाईचं नाव आलं. विचारलं तर "आमच्या अकाउंटंटचं खातं आहे, वैनी". जायच्या आठ दिवस आधी उरलेले ७,५०० घेतले आणि वर वनखात्याच्या परवान्याचे म्हणून माणशी ६००. सहाजणींचे मिळून ७२,६०० रुपये झाले. बाकीच्या पाचजणींनी माझ्या शब्दावर भरले.

कणकुंबीच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून आत गेल्यावर एक कौलारू घर होतं. गाडीतून उतरलो तेव्हाच अंगणात तेराजण उभे होते. आम्ही सहा धरून एकोणीस. खोल्या चार. घरच्या मावशींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, बाकीचे पैसे तुमच्याकडं दिलेत काय?" त्यांना आगाऊ म्हणून फक्त दोन हजार मिळाले होते, आणि दहा माणसं येणार असं सांगितलेलं होतं. तो स्वतः आलाच नव्हता. फोनवर म्हणाला, गोव्यात अडकलोय, सकाळी पोचतो. त्याच्या जागी विशीतला एक मुलगा पाठवला होता, त्यालाही पगार मिळालेला नव्हता. त्या रात्री मावशींनी स्वतःच्या घरातले तांदूळ काढले, कुळथाचं सार केलं आणि एकोणीस पानं वाढली. शेवटी शेवटी त्या पातेलं तिरकं करून डावाने तळ खरवडत होत्या, आणि कुणी बघत नाही ना म्हणून मान वळवून बघत होत्या. मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच भीमगडाकडे निघालो. वनखात्याच्या फाटकावर गाडी अडवली. "परमिट तोरसरी," परमिट दाखवा, असं गार्ड कानडीत म्हणाला. मुलानं प्लॅस्टिकच्या पाकिटातला रंगीत कागद दिला. गार्डनं बॅटरीच्या उजेडात तो दोन्ही बाजूंनी बघितला आणि मराठीत म्हणाला, "ताई, ह्याच्यावर नाव नाही, तारीख नाही, गाडीचा नंबर नाही. हे कुणी दिलं तुम्हाला?" भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. परवान्याशिवाय आत शिरणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि गुन्हा आत जाणाऱ्यावर लागतो, म्हणजे आमच्यावर. अस्वलं आणि गवे फिरणारं ते रान. तिथं अंधारात एकोणीस माणसं आणि वाट न माहीत असलेला एक मुलगा. बारापेड्याच्या गुहेतली वटवाघळं तर जगात मोजक्या ठिकाणीच सापडतात. तिथं कुणी आम्हाला ध्यानाला बसवणार नव्हतं, आणि बसवूही नये. त्या गार्डनं आम्हाला समज देऊन परत पाठवलं. त्याचे उपकार आहेत. उजाडल्यावर चोर्ल्याच्या रस्त्याकडेला धुक्यात उभं करून मुलानं फोटो काढला आणि तोच आमचा ट्रेक झाला. सगळ्या हसतायत, कारण त्यानं हसा म्हटलं.

पैशापेक्षा मला जास्त राग तिसऱ्या दिवसाचा आहे. जाहिरातीत "आयुष प्रमाणित योगशिक्षक" असं होतं. त्या मुलानं पहाटे सहाला पडवीत सतरंज्या घातल्या आणि भस्त्रिका, मग कपालभाती, एकामागून एक, जोरात, आणखी जोरात. कुणाला रक्तदाब आहे का, कुणाचं ऑपरेशन झालंय का, एक प्रश्न नाही. अक्काला अकरा वर्षं रक्तदाबाची गोळी आहे. रक्तदाब जास्त असणाऱ्यानं ही जोराची श्वसनं करू नयेत, हे कुठलाही शिकलेला शिक्षक पहिल्या तासाला सांगतो. ती उठायला गेली आणि खांबाला धरता धरता खाली बसली. ओठ पांढरे पडलेले, हाताला घाम. फोनला रेंज नाही. मावशींच्या मुलानं गाडी काढली आणि जांबोटीपर्यंत आणलं. पुढं बेळगावला दवाखान्यात वरचा रक्तदाब १९० निघाला. देवाच्या दयेनं ती आज बरी आहे. त्या मुलाला मी दोष देत नाही. घाबरून तोच रडायला लागला होता. तीन महिन्यांचा कुठला तरी कोर्स करून नोकरी शोधत होता. प्रमाणपत्र मागून बघणं माझं काम होतं.

परत आल्यावर बिल नीट बघितलं. १८ टक्के जीएसटी लावलेला, नंबर छापलेला. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे असतात, कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०. बिलावर १४ अक्षरं होती. पंधरा असती तरी सरकारी पोर्टलवर नंबर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं, दोन मिनिटांचं काम. ते मी पैसे भरायच्या आधी करायला हवं होतं.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या नंबरवर फोन केला, तक्रार नोंदली, पण पैसे देऊन महिना होत आला होता. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे खात्यात अडकवता येतात. नंतर ते पुढं निघून गेलेले असतात. त्यातून तो सरळ म्हणतो, फसवलं कुठं, नेलं होतं, जेवायला घातलं, फोटो आहेत. अर्धं देऊन अर्धं खाणारा माणूस पूर्ण पळून जाणाऱ्यापेक्षा पकडायला अवघड असतो. आणि आपल्याकडं आणखी एक. त्याचा फोन गोव्याचा, बँक खातं कोल्हापूरचं, शिबिर कर्नाटकात. ज्याला विचारावं तो दुसऱ्या राज्याकडं बोट दाखवी. शेवटी एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मग सहाजणींनी बेळगावात मिळून तक्रार केली.

वडगावच्या मैत्रिणीच्या घरी माग आहे, दोन महिने काम बसलं होतं तरी तिनं माझ्या सांगण्यावर पैसे भरले होते. तिचे १२,१०० मी माझ्या भिशीतून दिले. ती घेत नव्हती, रडली. मावशींना आम्ही सहाजणींनी पाचपाचशे गोळा करून तीन हजार पाठवले. त्यांचे अजून बरेच निघतात.

त्या बाकीच्या तेराजणांपैकी कुणी हे वाचत असेल तर क्यूआरचा स्क्रीनशॉट, बिल आणि त्याचे व्हॉट्सअॅप मेसेज पुसू नका. परवान्याच्या कागदाचा फोटो कुणाकडं असेल तर मला तो हवा आहे. मूळ कागद मुलानं परत नेला आणि आमच्यातल्या कुणीच त्याचा फोटो काढला नव्हता.