सहा महिने घरच्या ५५ इंची टीव्हीवर मराठी सिनेमे आणि मालिका: वापरानंतरचा अनुभव

‘किल्ला’ आधी टीव्हीच्या मूळ सेटिंगवर पाहा आणि मग सेटिंग दुरुस्त करून पुन्हा पाहा. दोन वेगळे सिनेमे पाहिल्यासारखं वाटेल. अविनाश अरुणने दिग्दर्शनाबरोबर छायाचित्रणही स्वतःच केलं आहे. पावसाळी कोकणातला मळकट हिरवा, करडं आभाळ, ओल्या दगडांचा काळसर रंग, यातूनच वडील गेलेल्या त्या मुलाचं एकटेपण उभं राहतं. व्हिव्हिड या रंग भडक करणाऱ्या मोडमध्ये तो हिरवा पोपटी होतो, आभाळ निळसर पांढरं पडतं आणि किल्ल्यावरचा पाऊस पर्यटन खात्याच्या जाहिरातीतला वाटू लागतो. सिनेमा बरा आहे पण मनाला भिडला नाही, असं ‘किल्ला’बद्दल कुणी म्हटलं तर मी आधी त्यांच्या टीव्हीचा पिक्चर मोड विचारेन.

तेव्हा सेटिंगपासून सुरुवात. पिक्चर मोडच्या यादीत ‘फिल्ममेकर’ असेल तर तोच घ्या. २०१९ मध्ये जाहीर झालेला हा मोड आता बऱ्याच कंपन्यांच्या टीव्हीत असतो. नसेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’. कलर टेंपरेचर सर्वांत उबदार ठेवा, बहुतेक ठिकाणी त्याला ‘वॉर्म २’ म्हणतात. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटतं, मग डोळा सरावतो आणि जुनं सेटिंग निळं दिसायला लागतं. नॉइज रिडक्शन आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट पूर्ण बंद. शार्पनेसचा शून्य प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, त्यामुळे आकड्यावर जाऊ नका. सबटायटलच्या अक्षरांभोवती पांढरी कड दिसते का ते बघा आणि ती जाईपर्यंत खाली या. खोलीतल्या उजेडाप्रमाणे फक्त बॅकलाइट कमी-जास्त करा. ‘ब्राइटनेस’ हा बऱ्याच टीव्हीत काळ्या रंगाची पातळी बदलतो, तिथे त्याला हात लावू नका.

बहुतेकांचा घोटाळा इथे होतो: ही सेटिंग्ज एकदा करून भागत नाही. साधं चित्र, उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारं एचडीआर आणि त्याचाच एक प्रकार डॉल्बी व्हिजन यांची सेटिंग्ज बहुतेक टीव्हीत वेगळी साठवली जातात, आणि प्रत्येक एचडीएमआय पोर्टचीही. म्हणून त्या त्या प्रकारचं काहीतरी चालू असतानाच मेनू उघडून बदल करा. सहा महिन्यांत एकदा सॉफ्टवेअर अपडेटनंतर मोड आपोआप मूळ जागी गेलेला आढळला. सगळे आकडे एका कागदावर लिहून ठेवलेले बरे.

आता मोशन स्मूदनिंग. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः तयार करून घुसवतो आणि सगळं गुळगुळीत सरकू लागतं. मालिका वर्षानुवर्षं व्हिडिओ कॅमेऱ्यावर सेकंदाला ५० क्षणचित्रांनी घेतल्या गेल्या, त्यामुळे आपल्या डोळ्यांत तो गुळगुळीतपणा म्हणजे मालिका असं पक्कं बसलं आहे. ‘सिनेमा असून मालिकेसारखा का दिसतो?’ या प्रश्नाचं उत्तर एवढंच. मेनूत या सोयीच्या नावात ‘मोशन’, ‘स्मूथ’ किंवा ‘क्लॅरिटी’ यांपैकी एखादा शब्द असतो, ती बंद करा. ‘द डिसायपल’मध्ये नायक रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून संथ गतीत मोटरसायकल चालवतो आणि त्यावर त्याच्या गुरूंच्या गुरू माईंचा ध्वनिमुद्रित आवाज येतो (तो सुमित्रा भावे यांचा). ही दृश्यं स्मूदनिंग चालू ठेवून पाहिली तर हँडलच्या आणि खांद्याच्या कडेला चित्र फाटल्यासारखं थरथरतं. ज्या दृश्यांत सिनेमाचा आत्मा आहे, तिथेच टीव्ही लुडबुड करतो.

याच्या उलट अडचण मालिकांची. स्ट्रीमिंगची काडी किंवा बॉक्स बहुधा ६० हर्ट्झवर चालतो. आपल्याकडच्या मालिका २५ किंवा ५० फ्रेमच्या. ६० मध्ये २५ बसवायचे तर एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा, असा दोन-तीन-दोन-तीन-दोनचा लंगडा ताल होतो. कॅमेरा आडवा फिरला की किंवा खालची श्रेयनामावली सरकू लागली की धक्के जाणवतात. बॉक्सच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘मॅच फ्रेम रेट’ चालू केलं की धक्के थांबतात. अमेरिकेत मराठी मालिका पाहणाऱ्यांना हे जास्त भोवतं, कारण तिथली सगळी व्यवस्थाच ६० ची. इंटरनेट संथ आहे म्हणून प्लॅन वाढवण्याआधी ही एक खूण तपासा.

जुने सिनेमे हा वेगळाच विषय. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा, चित्र जवळपास चौकोनी. ते १६:९ च्या पडद्यावर भरायला ‘झूम’ केलं की वरखालून मिळून पाव चित्र कापलं जातं. ‘स्ट्रेच’ केलं तर विष्णुपंत पागनीसांचा चेहरा एकतृतीयांशाने रुंद होतो. दोन्ही नकोत. ‘ओरिजिनल’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ ठेवा आणि दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. ५५ इंची पडद्यावर तरीही सुमारे ९१ सेंटिमीटर रुंद चित्र मिळतं, ते पुरेसं आहे. नॉइज रिडक्शन इथे तर अजिबात नको, कारण फिल्मचा दाणा पुसताना ते चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही पुसतं. सिनेमाबद्दल माझं मत विचाराल तर चमत्काराची दृश्यं आजही गोड वाटतात, सालोमालोचे प्रसंग थोडे लांबतात, आणि सगळ्यांत ताजी उरते ती आवली. नवऱ्यावर चिडणारी, पोराबाळांच्या पोटाची काळजी वाहणारी ती बाई गौरीने अशी उभी केली आहे की नव्वद वर्षांनीही तिच्यात एक खोटा सूर सापडत नाही.

ऐंशीच्या दशकातल्या विनोदी सिनेमांच्या ऑनलाइन प्रतींची अवस्था वाईट आहे. बऱ्याच प्रती टीव्हीसाठी काढलेल्या ४:३ च्या, त्यावर अपलोड करणाऱ्याने पुन्हा झूम केलेलं. ‘अशी ही बनवाबनवी’सारख्या सिनेमात चौघे एका फ्रेममध्ये असतात आणि विनोद बोलणाऱ्याइतकाच ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर घडतो. कडेचा एक चेहरा कापला की अर्धा हशा गेला. दुसरा दोष वेगाचा. २४ फ्रेमचा सिनेमा २५ वर चालवून काढलेल्या प्रतीत १५० मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो आणि आवाज चार टक्क्यांनी वर चढतो, म्हणजे अर्धस्वराहून थोडा कमी. गाणं पेटीच्या कुठल्याच पट्टीत बसत नाही, दोन पट्ट्यांच्या मध्ये लटकतं. एकाच सिनेमाच्या दोन प्रती दिसल्या तर जास्त लांबीची आधी उघडून बघा.

आवाजाबद्दलची तक्रार सगळ्यांची एकच: संवाद कळत नाहीत, पार्श्वसंगीत मात्र घर हलवतं. ५.१ च्या (पाच स्पीकर आणि एक वूफर यांच्यासाठीच्या) ध्वनिपट्टीत संवाद मुख्यतः मधल्या चॅनलवर असतात. टीव्हीचे दोन स्पीकर सगळं एकत्र मिसळतात, शिवाय त्यांची तोंडं खाली किंवा मागे, आवाज भिंतीवर आपटून येतो. साउंडबार घ्यायचा नसेल तर अ‍ॅपमधला ऑडिओ ५.१ वरून स्टीरिओ करा. फरक पुष्कळदा लगेच कळतो. घ्यायचाच असेल तर मधला वेगळा स्पीकर असलेला, म्हणजे ३.१ चा घ्या. स्वस्त २.१ मध्ये धमक वाढते, संवाद आहेत तिथेच राहतात. जोडणी एचडीएमआयच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या पोर्टलाच करा. ओठ आणि आवाज जुळत नसतील तर आवाज पुढे आहे की मागे ते आधी ठरवा: मागे असेल तर डिले शून्यावर आणा, पुढे असेल तर २० मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी वाढवत जा.

हे सगळं कशासाठी, ते ‘फँड्री’त कळतं. डुक्कर पकडायची धावपळ चाललेली असते आणि लांबून शाळेतलं राष्ट्रगीत ऐकू येतं. सगळे जागच्या जागी थांबतात. ते गीत लांबूनच यायला हवं. ‘ऑटो व्हॉल्यूम’ चालू असेल तर टीव्ही हळू आवाज उचलून जवळ आणतो आणि प्रसंगातलं अंतरच संपतं. रात्री शेजाऱ्यांसाठी नाइट मोड ठीक आहे, पण या सिनेमाला तोही नको.

‘कोर्ट’ मोबाइलवर पाहू नये, हे माझं ठाम मत. चैतन्य ताम्हाणेने कॅमेरा लांब ठेवून स्थिर धरला आहे आणि फ्रेममध्ये कुठे बघायचं ते आपल्यावर सोडलं आहे. मागच्या बाकावरचा पेंगणारा माणूस, फायली उचलणारा कारकून हे सहा इंची पडद्यावर ठिपके होतात. ५५ इंचांसाठी साधारण सव्वादोन मीटरवर बसा. शेवटाकडे सुट्टी लागण्याआधी कोर्टाची खोली रिकामी होते, दिवे जातात आणि कॅमेरा तसाच राहतो. टीव्हीची काळी पातळी तपासायला यापेक्षा चांगलं दृश्य मराठीत नाही. तिथे करडं धुकं दिसलं तर बहुधा ब्राइटनेस कुणीतरी वाढवलेला आहे. अंधारात पायऱ्यापायऱ्यांचे डाग दिसले तर दोष बहुधा टीव्हीचा नसून कमी बिटरेटचा, म्हणजे सेकंदाला कमी डेटा येण्याचा आहे: अ‍ॅपमधला डेटा सेव्हर बंद करा, वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर न्या किंवा सरळ केबल लावा.

मालिकांबद्दल थोडक्यात. सगळीकडे सारखा प्रकाश आणि जवळून घेतलेले चेहरे, त्यामुळे त्या कुठल्याही पिक्चर मोडवर नीट दिसतात. पण २२ मिनिटांच्या भागात मागचं पुन्हा दाखवणं आणि एका वाक्यावर पाचजणांचे चेहरे फिरवणं यात वेळ फार जातो. लेखक आणि नट यांच्यात दम असूनही रोजच्या भागाची भूक त्यांना खाते, याचं वाईट वाटतं. सव्वापट वेगाने पाहिलं तरी काही निसटत नाही. महाएपिसोडमध्ये मात्र कथा खरंच पुढे सरकते.

‘सैराट’ १७४ मिनिटांचा आहे, एका बैठकीचा वेळ काढा आणि गाणी पुढे ढकलू नका. अजय-अतुलने त्यातला वाद्यवृंद हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रित केला. तो भरगच्च आवाज आणि त्यावरची संथ गतीतली धाव हाच पूर्वार्धाचा पाया आहे. मित्रांचे विनोद दुसऱ्यांदा पाहताना थोडे लांबतात. हैदराबादचा भाग मात्र दर वेळी आणखी चांगला वाटतो. घर मांडणं, संशय, भांडण, परत येणं, यात एकही फिल्मी वळण नाही. आणि शेवटचे काही क्षण पूर्ण निःशब्द आहेत. तिथे साउंडबार आपोआप झोपत असेल तर त्याचा ‘ऑटो पॉवर ऑफ’ बंद ठेवा, आणि आवाज गेला असं समजून रिमोट उचलू नका.