पॉप की आयमॅप? पाठवलेला मेल कुठे राहतो ते आधी बघा

थंडरबर्ड किंवा आउटलुकसारख्या मेल प्रोग्रॅममध्ये ऑफिसचा मेल लावायला बसलं की हा प्रश्न येतोच. सर्व्हरवरचा, म्हणजे मेल सेवेच्या कॉम्प्युटरवरचा मेल आपल्यापर्यंत आणायच्या या दोन पद्धती: पॉप तो मशीनवर उतरवून घेतं, आयमॅप सर्व्हरवरचाच मेल सगळीकडे दाखवतं. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या ऑफिसात मी आधी पॉप वापरलं, आता आयमॅप वापरतो.

पॉपला नावं ठेवणार नाही. मेल उतरला की तो आपल्या मशीनवर. नेट गेलं तरी जुनी परचेस ऑर्डर सापडते, सर्व्हरची जागाही भरत नाही. फक्त ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ ही टिक बघून घ्या. ती नसली तर ऑफिसात उतरलेला मेल मोबाइलवर दिसत नाही आणि मेल उडाले म्हणून धावपळ होते.

माझी टिक होती, तरी अडलो. पॉप फक्त आलेला मेल आणतं. आमच्या डोमेनवर पाठवलेला मेल ज्या मशीनवरून गेला तिथेच राहायचा. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी व्यापाऱ्याचा फोन आला, “कोटेशनमध्ये जीएसएम किती धरलाय? आत्ता ऑर्डर देतो.” जीएसएम म्हणजे टॉवेलच्या कापडाचं दर चौरस मीटरचं वजन. कोटेशन मीच पाठवलेलं, पण मोबाइलच्या सेंटमध्ये त्याचा पत्ता नाही. गर्दीतून वाट काढत बंद ऑफिस उघडावं लागलं. त्याच आठवड्यात आयमॅप लावलं. आता सेंट फोल्डर सर्व्हरवर आहे, घरी, ऑफिसात, मोबाइलवर तेच दिसतं.

आयमॅपलाही जपावं लागतं. मोबाइलवर डिलीट केलेला मेल सगळीकडून जातो, आणि जागा भरली की नवे मेल पाठवणाऱ्याकडे परत जाऊ लागतात. म्हणून जुने मेल मी मशीनवरच्या लोकल फोल्डरमध्ये हलवतो, त्याचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेतो.

एकाच मशीनवर एकटेच काम करत असाल तर पॉपने भागेल बहुधा. मोबाइल जोडलेला असेल तर मला तरी आयमॅपच बरं वाटतं. मेल जातच नसेल तर मात्र या दोन्हींचा संबंध नाही. ते काम एसएमटीपीचं, म्हणजे मेल पाठवायच्या पद्धतीचं; तिच्या सेटिंगमध्ये पोर्ट ५८७ किंवा ४६५ आणि पासवर्ड तपासा.

बदलताना पॉपचं खातं आधी काढू नका. आयमॅपचं खातं शेजारी नवं जोडा, जुने मेल आणि विशेषतः जुना सेंट त्यात कॉपी करा, मोबाइलवर दिसतात का बघा, मगच जुनं खातं काढा.