हँडबॉलच्या कसोटीवर व्हीएआर: एक परीक्षण

फुटबॉलमधील ‘व्हिडिओ असिस्टंट रेफरी’ म्हणजेच व्हीएआर ही, वेगळ्या कक्षात बसून दृश्ये तपासणाऱ्या पंचांनी मैदानावरील पंचाला मदत करण्याची व्यवस्था मार्च 2018 मध्ये खेळाच्या अधिकृत नियमांत आली, त्याच वर्षी रशियातील विश्वचषकात ती वापरली गेली आणि 2019-20 च्या हंगामापासून इंग्लंडच्या प्रीमियर लीगनेही ती स्वीकारली. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूवर झालेली कारवाई एवढ्या चारच बाबतींत तिने लक्ष घालावे, आणि तेही मैदानावरील पंचाची चूक स्पष्ट व उघड असेल किंवा एखादा गंभीर प्रसंग त्याच्या नजरेतून पूर्णपणे सुटला असेल तेव्हाच, असे तिचे मूळ आश्वासन होते. प्रेक्षकांच्या बाजूने पाहिले तर ही एक सेवा आहे आणि तिची किंमत आपण थांबलेल्या खेळाच्या व रोखून धरलेल्या आनंदाच्या रूपाने मोजत असतो. म्हणून एखाद्या सेवेचे करावे तसेच तिचे परीक्षण येथे करीत आहे, मात्र केवळ हँडबॉलच्या, म्हणजे चेंडूला हात लागल्याच्या, निर्णयांपुरते. कारण ही सेवा सर्वांत कमी पडते ती याच ठिकाणी, आणि खेळावर तिचा सर्वांत खोल परिणाम झाला आहे तोही येथेच.

तिचे श्रेय आधी दिले पाहिजे. 22 जून 1986 रोजी मेक्सिको सिटीच्या अझ्टेका स्टेडियममध्ये दिएगो मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने केलेला गोल, किंवा 18 नोव्हेंबर 2009 रोजी पॅरिसजवळच्या सेंट डेनिसमध्ये फ्रान्सच्या थिएरी ऑन्रीने हाताने चेंडू सावरून विल्यम गॅलासला दिलेला आणि आयर्लंडला विश्वचषकाच्या दारातून परत पाठवणारा पास, हे दोन्ही प्रसंग आज काही सेकंदांत पकडले गेले असते. अशा प्रसंगी प्रश्न एकच असतो, चेंडू हाताला लागला की नाही, आणि त्याचे उत्तर देण्यात कॅमेरा माणसाच्या डोळ्यापेक्षा निर्विवादपणे श्रेष्ठ आहे. व्हीएआर नकोच असे म्हणणाऱ्यांनी त्या रात्री आयर्लंडच्या खेळाडूंवर झालेला अन्याय आठवून पाहावा.

अडचण अशी की हँडबॉलचा नियम केवळ स्पर्शाबद्दल विचारतच नाही. खेळाडूने मुद्दाम हात लावला का, त्याच्या हातामुळे शरीराचा आकार अस्वाभाविकरीत्या मोठा झाला होता का, आणि हाताची ती ठेवण त्या क्षणीच्या हालचालीतून आपसूक आलेली होती का, हे नियमाचे खरे प्रश्न आहेत. उडी मारताना हात वर जातात, घसरत टॅकल करताना एक हात जमिनीवर टेकतो, वळताना कोपर बाहेर येते. यातले काय स्वाभाविक आणि काय नाही, हे ठरवायला खेळ खेळलेल्या किंवा जवळून पाहिलेल्या माणसाची समज लागते. कॅमेऱ्यांची संख्या वाढवून ती समज वाढत नाही.

15 जुलै 2018 रोजी मॉस्कोतील लुझ्निकी स्टेडियमवर झालेला फ्रान्स आणि क्रोएशिया यांच्यातील अंतिम सामना या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. 1-1 अशी बरोबरी असताना फ्रान्सच्या कॉर्नर किकवर ब्लेझ मातुइदी हेडरसाठी उसळला आणि त्याच्या मागे असलेल्या क्रोएशियाच्या इव्हान पेरिसिचच्या खाली येणाऱ्या हाताला चेंडू लागला. अर्जेंटिनाचे पंच नेस्तोर पिताना यांनी आधी खेळ थांबवला नव्हता. व्हीएआर कक्षातून सूचना आल्यावर ते मैदानालगतच्या मॉनिटरपाशी गेले, तेच दृश्य वेगवेगळ्या कोनांतून पाहिले, मैदानाकडे परत निघाले आणि पुन्हा वळून आणखी एकदा पाहायला गेले. मग पेनल्टी दिली गेली, अंतवान ग्रीझमनने 38 व्या मिनिटाला गोल केला आणि फ्रान्सने पुढे सामना 4-2 असा जिंकला. हा निर्णय चूक होता असे मी म्हणत नाही. त्याचे समर्थन करता येते. पण जो निर्णय घेण्यासाठी पंचाला मॉनिटरपाशी दोनदा जावे लागते, त्यात पहिली चूक ‘स्पष्ट आणि उघड’ कशी म्हणावी? त्या क्षणी व्हीएआरने स्वतःच आखलेली मर्यादा ओलांडली, आणि तेही जगातील सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या सामन्यात.

यामागचे एक कारण तांत्रिक आहे. व्हीएआरच्या कार्यपद्धतीतच लिहिलेले आहे की स्लो मोशनचा वापर जागा, स्पर्शाचा बिंदू अशा वस्तुस्थिती ठरवण्यासाठी करावा आणि हँडबॉलचा गुन्हा घडला की नाही हे मात्र नेहमीच्या गतीने दृश्य पाहून ठरवावे. ही सूचना अत्यंत शहाणपणाची आहे. अमेरिकेतील संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिले होते की तेच दृश्य संथ गतीने दाखवले की पाहणाऱ्याला कृती अधिक हेतुपुरस्सर वाटते, कारण करणाऱ्याला विचार करायला वेळ होता असा भास निर्माण होतो. हँडबॉलमध्ये हा भास थेट निकालात उतरतो. तीन-चार मीटरवरून आलेला फटका हाताला लागेपर्यंत बचावपटूला हात मागे घ्यायला सवडच नसते. तोच फटका संथ केला की हात चेंडूची वाट पाहत थांबल्यासारखा दिसतो. आणि प्रक्षेपणात प्रेक्षकांना पुन्हा पुन्हा दाखवले जाते ते बहुतेक वेळा हेच संथ दृश्य किंवा हाताला चेंडू टेकलेला स्थिर क्षण. नियमाने सांगितलेली गती आणि आपल्या पडद्यावरची गती यांतील या तफावतीमुळे निम्मा वाद तर घरबसल्या उभा राहतो.

दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. कॅमेऱ्याला हेतू दिसत नाही म्हणून नियमच कॅमेऱ्याला दिसेल असा बनवण्याचा प्रयत्न झाला. 2019-20 पासून लागू झालेल्या बदलात हेतूपेक्षा हाताच्या ठेवणीवर भर आला आणि आक्रमक संघाच्या कोणाच्याही हाताला, अगदी अनवधानानेही, चेंडू लागून गोल झाला तर तो रद्द करावा असे ठरले. परिणाम लगेच दिसला. 17 ऑगस्ट 2019 रोजी मँचेस्टर सिटी आणि टॉटनहॅम यांचा सामना 2-2 असा असताना भरपाई वेळेत सिटीच्या गॅब्रिएल जेझुसने गोल केला, सारे मैदान उसळले, आणि मग समजले की त्याआधी चेंडू त्याचा सहकारी आयमेरिक लापोर्तच्या हाताला किंचित घासून गेला होता. मैदानावरील कोणाही खेळाडूने हँडबॉलची दाद मागितली नव्हती. तोच स्पर्श बचावपटूचा असता तर पेनल्टी मिळाली नसती, म्हणजे एकाच कृतीला पेनल्टी क्षेत्रात दोन माप लागू झाले. सहकाऱ्याच्या अनवधानी स्पर्शाबद्दलची ही तरतूद 2021 मध्ये काढून टाकण्यात आली. आता अनवधानी स्पर्शामुळे गोल रद्द होतो तो गोल करणाऱ्याच्या स्वतःच्या हाताला चेंडू लागला असेल तरच. मधल्या काळात हात नेमका कुठून सुरू होतो हेही लिहावे लागले, आणि बगलेच्या खालच्या टोकापर्यंतचा भाग खांदा मानावा असे ठरले. ज्या खेळात शंभराहून अधिक वर्षे ‘मुद्दाम हात लावू नये’ एवढ्यावर सगळ्यांचे भागत होते, त्याला दोन-तीन वर्षांत इतक्या दुरुस्त्या कराव्या लागल्या, हे या सेवेच्या परीक्षणात नोंदवलेच पाहिजे.

27 सप्टेंबर 2020 चा टॉटनहॅम विरुद्ध न्यूकॅसल हा सामनाही त्याच काळातला. न्यूकॅसलच्या अँडी कॅरोलचा हेडर टॉटनहॅमच्या एरिक डायरच्या हाताला मागच्या बाजूने, तोही जवळून लागला. डायरची पाठ चेंडूकडे होती. पंचांनी मॉनिटर पाहून पेनल्टी दिली, अगदी शेवटच्या क्षणी कॅलम विल्सनने गोल केला आणि सामना 1-1 असा सुटला. फायदा झालेल्या न्यूकॅसलचे प्रशिक्षक स्टीव्ह ब्रूस यांनीही सामन्यानंतर या नियमावर उघड टीका केली. जिंकणाऱ्या किंवा बरोबरी साधणाऱ्या बाजूलाही जो न्याय पटत नाही, तो न्याय कागदोपत्री कितीही बिनचूक असला तरी त्याची सेवा नीट झाली असे म्हणता येणार नाही.

तंत्रज्ञान सुधारले की हा प्रश्न सुटेल, असे मानणाऱ्यांसाठी जर्मनीतील युरो 2024 ही स्पर्धा पुरेशी आहे. 29 जूनला डॉर्टमुंडमध्ये डेन्मार्कच्या योआखिम अँडरसनचा गोल ऑफसाइडमुळे रद्द झाला आणि काही मिनिटांतच जर्मनीच्या डेव्हिड राऊमचा क्रॉस त्याच अँडरसनच्या बोटांना निसटता लागला. चेंडूच्या आत बसवलेल्या सेन्सरने तो स्पर्श टिपला, क्रिकेटमधल्या स्निकोसारखी उसळलेली रेषा पडद्यावर दिसली, पंच मायकेल ऑलिव्हर यांनी पेनल्टी दिली आणि काई हावर्ट्झच्या गोलने जर्मनी पुढे गेली. बचावपटूंनी हात पाठीमागे बांधून धावावे अशी अपेक्षा ठेवता येणार नाही, अशी डेन्मार्कचे प्रशिक्षक कॅस्पर युलमांड यांची तक्रार होती आणि ती रास्त होती. त्यानंतर सहाच दिवसांनी, 5 जुलैला स्टुटगार्टमध्ये स्पेनविरुद्ध जादा वेळेत जर्मनीच्या जमाल मुसियालाचा गोलच्या दिशेने निघालेला जोरदार फटका मार्क कुकुरेयाच्या डाव्या हाताने अडला. पंच अँथनी टेलर यांनी पेनल्टी नाकारली, व्हीएआरने हस्तक्षेप केला नाही आणि 119 व्या मिनिटाला मिकेल मेरिनोच्या हेडरने स्पेन 2-1 असा जिंकला. पुढे सप्टेंबरमध्ये युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेच्या पंच समितीने ती पेनल्टी द्यायला हवी होती असे मान्य केले. एकाच स्पर्धेत, एकाच नियमाखाली, बोटांना घासलेल्या क्रॉसला शिक्षा झाली आणि गोलकडे जाणारा फटका अडवणारा हात सुटला. पहिल्या प्रसंगी सेन्सरने स्पर्श सिद्ध केला, पण तो स्पर्श दंडनीय का हे सेन्सर सांगू शकत नव्हता. दुसऱ्या प्रसंगी स्पर्श सगळ्यांनाच दिसत होता आणि नेमके मतच चुकले.

क्रिकेटच्या डीआरएसवर वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला हा फरक विशेष खटकतो. पायचीतच्या निर्णयात चेंडू कुठे पडला, पॅडला कुठे लागला आणि यष्टींवर गेला असता का, या तीनही गोष्टी मोजता येतात. जिथे मोजमाप काठावर येते तिथे ‘अंपायर्स कॉल’ म्हणून मैदानावरच्या पंचाचा मान राखला जातो. हँडबॉलमध्ये मोजता येण्यासारखा एकच भाग आहे, स्पर्श, आणि उरलेले सगळे मत आहे. म्हणून मैदानावरील पंचाचे मत तिथे क्रिकेटपेक्षाही अधिक जपायला हवे होते. प्रीमियर लीगने अलीकडच्या हंगामांत हा धडा काही प्रमाणात घेतला आहे. तिथे हस्तक्षेपाची पायरी उंच ठेवली जाते आणि हँडबॉलच्या पेनल्टी युरोपीय स्पर्धांच्या मानाने जपून दिल्या जातात. 2024 च्या नियमबदलात मुद्दाम नसलेल्या हँडबॉलने गोलची स्पष्ट संधी हिरावली गेली तर पेनल्टीसोबत लाल कार्डाऐवजी पिवळे कार्ड द्यावे असे ठरले, तेही योग्यच झाले.

मैदानात बसलेल्या प्रेक्षकाला मिळणारी वागणूक हा या सेवेचा आणखी एक दुबळा भाग आहे. घरी बसलेल्याला दहा कोन दिसतात आणि तिकीट काढून आलेल्याला पंच कानाला हात लावून उभा असलेला दिसतो. फिफाने 2023 च्या महिला विश्वचषकात पंचांनी निर्णय ध्वनिक्षेपकावरून जाहीर करण्याची प्रथा वापरली. ऑकलंडमधील न्यूझीलंड आणि नॉर्वे यांच्या उद्घाटनाच्या सामन्यात जपानच्या पंच योशिमी यामाशिता यांनी जाहीर केलेला निर्णयही हँडबॉलच्या पेनल्टीचाच होता. इंग्लंडमध्ये जानेवारी 2025 मध्ये लीग कपच्या उपांत्य फेरीपासून हे सुरू झाले. सुधारणा चांगली आहे, परंतु अनेकदा फक्त निकाल सांगितला जातो; हात अस्वाभाविक का ठरला याचे एक वाक्य जोडले तर प्रेक्षकाला निदान कारण तरी कळेल.

ही सेवा आपल्या दारातही येऊन गेली आहे. 2022 च्या महिला आशिया चषकात उपांत्यपूर्व फेरीपासून व्हीएआर होता, आणि नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरील अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला पूर्वार्धाच्या शेवटी मिळालेली पेनल्टी व्हीएआरने दाखवलेल्या हँडबॉलचीच होती. 2-0 ने मागे पडलेल्या चीनने तरीही तो सामना 3-2 असा जिंकला. इंडियन सुपर लीगमध्ये मात्र 2024-25 च्या हंगामापर्यंत ही यंत्रणा आलेली नव्हती, आणि पंचगिरीबद्दलच्या प्रत्येक वादानंतर तिची मागणी होते. माझी शिफारस अशी की संपूर्ण व्हीएआर घेण्याऐवजी फिफाने 2024 मध्ये कोलंबियातील वीस वर्षांखालील महिला विश्वचषकात वापरलेली ‘फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट’ ही साधी पद्धत आधी आणावी. तिच्यात वेगळा कक्ष आणि वेगळे पंच लागत नाहीत, प्रशिक्षकाला सामन्यात दोन वेळा फेरतपासणी मागता येते आणि मैदानावरचा पंच स्वतः मॉनिटर पाहून ठरवतो. हँडबॉलसाठी त्यात दोन अटी जरूर घालाव्यात: पंचाला पहिले दृश्य नेहमीच्या गतीनेच दाखवावे, आणि तेवढ्यावरून मत बदलत नसेल तर खेळ लगेच सुरू करावा. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर किंवा अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनामध्ये बसणाऱ्या प्रेक्षकाला एवढी सेवा पुरेशी आहे, आणि तिचा खर्च आपल्या लीगला झेपण्यासारखाही आहे.