भूपेन खख्खर, टेट मॉडर्न: तिकिटाचे पैसे वसूल

चित्रकार भूपेन खख्खर यांचं हे प्रदर्शन 2016 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या आधुनिक कलेच्या संग्रहालयात भरलं होतं. 6 नोव्हेंबरपर्यंत होतं. तिथल्या एका मोठ्या दैनिकाच्या समीक्षकाने ते पार झोडपलं होतं, म्हणून मी जरा हट्टानेच गेलो. जन्मभर ऑडिट केलं. दुसऱ्याच्या शेऱ्यावर सही करायची सवय नाही.

खख्खर आमच्याच धंद्यातले, सीए. जन्म 1934 चा, वाढले मुंबईत खेतवाडीत. 1962 मध्ये बडोद्याला गेले, चित्रकार म्हणून नाव झालं, तरी हिशेबनिशीची अर्धवेळ नोकरी कितीतरी वर्षं धरून होते. ते चित्रांत दिसतं. किरकोळ म्हणून काही वगळायचं नाही, सगळ्याची नोंद!

त्यांना ‘पॉप’ (जाहिराती, बाजारातली चित्रं यांतून कला करणारे) म्हणतात ते साठच्या दशकातल्या कोलाजांमुळे. बाजारातली देवादिकांची छापील चित्रं कापून चिकटवायची, त्यावर भिंतीवरच्यासारखं गिरगटायचं. तेव्हा लोक दचकले असतील. आज मला ती थोडी पोरकट वाटली, पटकन पुढे सरकलो. अमेरिकन पॉपवाल्यांच्या समोर मालाने गच्च भरलेली दुकानं होती. आपल्याकडे तेव्हा कसली रेलचेल? खख्खर यांच्या हाती होतं कॅलेंडर, दुकानाची पाटी आणि पाटीखाली बसलेला एकटा माणूस.

खरा माल 1972 च्या आसपासचा. ‘जनता वॉच रिपेअरिंग’, ‘डीलक्स टेलर्स’. पाटी रंगवणाऱ्या पेंटरची सपाट, चकचकीत शैली, आणि आत आपल्या कामात गढलेला कारागीर. नाव ‘डीलक्स’ आणि दुकान एवढंसं, यात टोमणा आहेच. पण हसू दुकानदारावर येत नाही. असल्या चित्रांना ‘कला’ म्हणायला नाक मुरडणाऱ्यावर येतं. म्हणजे थोडंफार माझ्यावरही. त्याच वर्षीच्या एका कॅटलॉगसाठी हे गृहस्थ स्वतः जेम्स बाँड, मिस्टर युनिव्हर्स वगैरे बनून फोटोला उभे राहिले होते. बारीक अंगाचा हिशेबनीस मिस्टर युनिव्हर्स! थोर कलावंत म्हणून मिरवणाऱ्यांची यापेक्षा जास्त टिंगल काय करणार?

आणि इथून पुढे चेष्टेचा रोख स्वतःकडेच वळत जातो. ‘यू कान्ट प्लीज ऑल’ (1981) पुढे मी बराच वेळ थांबलो. बाल्कनीत एक माणूस नागवा, आपल्याकडे पाठ करून उभा. खाली गावात बाप, लेक आणि गाढवाची ती जुनी गोष्ट चालू आहे: कोणीही गाढवावर बसा, लोक नावं ठेवणारच. आपण समलिंगी आहोत हे लपवणं खख्खर यांनी याच सुमारास सोडलं. पुढच्याच वर्षी ‘टू मेन इन बनारस’, मिठीत घेतलेले दोन नग्न पुरुष आणि भोवती आपापल्या भक्तीत मग्न क्षेत्र. 1984 मध्ये याच माणसाला पद्मश्री मिळाली. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 मात्र तेव्हा जागच्या जागी होतं; प्रौढांचे संमतीचे संबंध सुप्रीम कोर्टाने त्यातून वगळले ते 2018 मध्ये.

1987 चं ‘ययाती’ मला तितकंसं रुचलं नाही. पुराणातला बाप मुलाकडून तारुण्य मागतो ही गोष्टच इतकी भयंकर, की पंखवाला तरुण वर काढून ती हलकी होते. ज्यांना आवडेल त्यांना आवडो.

शेवटची चित्रं कॅन्सरच्या काळातली, 2003 मध्ये ते गेले त्याआधीची. एकाचं नावच, दिवसाअखेर लोखंडाच्या कांबी बाहेर पडल्या, अशा अर्थाचं. शौचाच्या यातनेवर एवढा खडूस विनोद मी कुठे पाहिला नव्हता. तिथे एक बाई फसकन हसल्या आणि लगेच ओशाळल्या. हसायला हरकत नव्हती, चित्रकाराचीच परवानगी आहे.

मुलांना नेण्याआधी विचार करावा एवढी नग्नता होती. ही चित्रं कुठे पाहायला मिळाली आणि वेळ कमी असेल तर सुरुवातीची कोलाजं सोडा, थेट शिंपी आणि घड्याळवाल्यापाशी जा.