एटिमऑनलाइन: इंग्रजी शब्दांची कुळकथा, तीही फुकट

इंग्रजी शब्दांचे अर्थ सांगणारी ॲप ढिगानं आहेत. शब्दाचं कूळ शोधून देणारं मला हेच पटलं. डग्लस हार्पर या अमेरिकन माणसानं बव्हंशी एकट्यानं हा कोश उभा केलाय. जाहिराती येतात, पण फुकटात तेवढं चालायचंच.

मी त्वचारोगाची डॉक्टर. केसपेपरवर ‘प्रुरायटस’, म्हणजे खाज, हे रोजचंच. नवरा वकील. त्याच्या कागदांत ‘प्रुरियंट इंटरेस्ट’, म्हणजे कामुक कुतूहल, येतं: माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७, आणि २०२४ पर्यंत भारतीय दंड संहितेचं २९२. अश्लील काय ते ठरवताना हा शब्द लागतोच. दोघांचे शब्द सख्खे निघतील असं वाटलं नव्हतं. मूळ एकच, लॅटिन ‘प्रुरीरे’: खाज सुटणे. वासनेसाठी हेच क्रियापद रोमन लोकही वापरायचे. इंग्रजीत सतराव्या शतकात ‘प्रुरियंट’ला कातडीच्या खाजेचाही अर्थ होता. पुढे कातडी आम्हा डॉक्टरांच्या वाट्याला गेली आणि या शब्दाच्या वाट्याला चोरून डोकावून बघायची चटक तेवढी उरली. आपल्याकडे ‘कंड शमवणे’ म्हणतात तेव्हा कुणाला मलम आठवत नाही, तसंच. असा माणूस म्हणजे आपला आंबटशौकीन.

खरी मजा त्याच्याही मागे आहे. हे क्रियापद कदाचित निखाऱ्याच्या लॅटिन शब्दाशी नातं सांगतं, आणि त्या घराण्यात इंग्रजी ‘फ्रॉस्ट’ही बसतो. गोठणं आणि जळणं एकाच मुळातून! पित्ताच्या गांधींची आग होते म्हणून बर्फ मागणारे पेशंट बघणाऱ्या मला हे लगेच पटलं. पण कोश तिथे ‘कदाचित’ लिहितो, आणि मला तेच आवडतं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या व्युत्पत्तींना हा शब्द ठाऊकच नसतो.

कोर्टाची गोष्ट नवऱ्यानं सांगितली. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं १९५७ च्या रॉथ खटल्यात अश्लीलतेची कसोटी ठरवताना ‘प्रुरियंट’साठी वेबस्टरचा शब्दकोश तळटीपेत उद्धृत केला. त्या व्याख्येतला पहिलाच अर्थ, खाजणारा.

शब्दाचा आजचा वापर शिकायला मात्र साधा शब्दकोशही जवळ असू द्या. निव्वळ कूळ वाचून खाजेच्या पेशंटला ‘प्रुरियंट’ म्हणालात, आणि त्याला इंग्रजी येत असेल, तर तो फी न देता उठून जाईल.

पाचपैकी साडेचार.